सैनिकी वैद्यकीय अधिकाऱ्यांची पदोन्नती आणि मराठी चरित्रलेखन : एक चिकित्सा

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे गाव मराठी गद्याच्या अभ्यासकाला एका विशिष्ट कारणासाठी महत्त्वाचे वाटते. श्रीगोविंदप्रभूंच्या वास्तव्याने पावन झालेल्या या स्थानी शके 1200 च्या सुमारास म्हाइंभटांनी श्रीचक्रधरांच्या लीळा संकलित केल्या. नागदेवाचार्यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले, ऐकले अशांकडे जाऊन विचारपूस केली, आठवणी पडताळल्या आणि मगच त्या लिहून ठेवल्या. मूळ पोथी नष्ट झाल्यानंतर परंपरेने त्या पुन्हा जुळवल्या, तेव्हा एकाच प्रसंगाच्या निरनिराळ्या आठवणी 'वासना' म्हणून शेजारीशेजारी नोंदवण्याची प्रथा पडली. वि. भि. कोलते यांनी संपादित केलेली व 1978 मध्ये प्रसिद्ध झालेली 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती वाचताना ही शिस्त जागोजागी जाणवते. ही संकलने भक्तांची आहेत, तटस्थ इतिहासकारांची नव्हेत, हे खरेच. परंतु चरित्रनायकाविषयी कोण बोलत आहे आणि कशाच्या आधारे, हे सांगण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यात आहे.

प्रस्तुत लेखात हीच कसोटी मराठीतील एका अगदी वेगळ्या व अर्वाचीन चरित्रप्रकाराला लावून पाहिली आहे. सैन्यातील डॉक्टरांविषयी मराठीत जे लिहिले जाते, म्हणजे गौरवलेख, परिचयपर टिपणे, स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांतील 'पहिल्या महिला' प्रकारच्या याद्या, त्यांत चरित्रनायकाचे पद हेच बहुधा मुख्य भांडवल असते. लेफ्टनंट कर्नल, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल ही पदे नावाआधी येतात आणि तेथेच चरित्र संपते. वस्तुतः पद ही कोणीतरी कोणाच्यातरी अहवालावरून, ठराविक मुदतीनंतर आणि जागा रिकामी असेल तरच दिलेली गोष्ट होय. ते कसे मिळाले हे न सांगता केवळ मिळाले एवढेच सांगणारे चरित्र वाचकाला व्यक्तीही दाखवत नाही आणि व्यवस्थाही दाखवत नाही.

कीर्तिकरांचे 'लेफ्टनंट कर्नल'

मराठी वाङ्मयेतिहासात या दृष्टीने सर्वांत उद्बोधक उदाहरण डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांचे आहे. 1909 मध्ये बडोदे येथे भरलेल्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. त्याआधी दोनच वर्षे, 1907 मध्ये, ज्यांची कारकीर्द वऱ्हाडच्या शिक्षण खात्यात गेली ते विष्णु मोरेश्वर महाजनी अध्यक्ष झाले होते आणि 1912 मध्ये संमेलन अकोल्यास भरले. संमेलनाध्यक्षांच्या यादीत कीर्तिकरांचे नाव असते, क्वचित त्यांच्या काव्यरचनेचा उल्लेख असतो. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांना ते मुंबईच्या विषारी वनस्पतींवरील लेखमालेमुळे आणि मेजर बामनदास बसू यांच्यासह तयार केलेल्या, 1918 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय औषधी वनस्पतींवरील विशाल ग्रंथामुळे ठाऊक असतात. या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर एकाच्या नावामागे लेफ्टनंट कर्नल आणि दुसऱ्याच्या नावामागे मेजर असे छापलेले आहे. मराठी टिपणकार हे पद अलंकारासारखे उचलतात. त्याचा अर्थ काय, असा प्रश्न मात्र पडलेला दिसत नाही.

तो अर्थ इंडियन मेडिकल सर्व्हिस या सेवेच्या नियमांत आहे. 1855 पासून या सेवेतील प्रवेश लंडनला होणाऱ्या स्पर्धा परीक्षेने होऊ लागला. पहिल्याच परीक्षेत बंगालचे सूर्यकुमार चक्रवर्ती उत्तीर्ण झाले. परंतु समुद्रपर्यटनाचा खर्च व सामाजिक निर्बंध लक्षात घेता हे दार किती हिंदी तरुणांसाठी खरोखर उघडे होते हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. सेवा मूलतः लष्करी होती. शांततेच्या काळात मात्र तिचे अनेक अधिकारी नागरी कामासाठी दिले जात. जिल्ह्याचा सिव्हिल सर्जन, वैद्यकीय महाविद्यालयातील प्राध्यापक, तुरुंगाचा अधीक्षक हे बहुधा याच सेवेतील असत. कीर्तिकरांनीही ठाण्यास सिव्हिल सर्जन म्हणून काम केले. म्हणजे रोगी नागरी, दवाखाना नागरी आणि पद लष्करी, अशी ही रचना होती.

पदोन्नतीचा हिशेब साधा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी रूढ असलेल्या नियमांनुसार लेफ्टनंट म्हणून आलेला अधिकारी सुमारे तीन वर्षांनी कॅप्टन, बारा वर्षांनी मेजर आणि वीस वर्षांनी लेफ्टनंट कर्नल होई. त्यानंतरचे कर्नल व सर्जन जनरल हे टप्पे निवडीने मिळत. याचा अर्थ असा की बसूंचे 'मेजर' आणि कीर्तिकरांचे 'लेफ्टनंट कर्नल' हे शब्द दोघांच्या विद्वत्तेतील फरक सांगत नाहीत, सेवेच्या वर्षांतील फरक सांगतात. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कीर्तिकरांचे पद नेमके तेथे थांबते, जेथे काळाने मिळणारी बढती संपते व निवडीने मिळणारी सुरू होते.

येथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह टाळावयास हवा. या सेवेतील बहुसंख्य युरोपीय अधिकारीही लेफ्टनंट कर्नल म्हणूनच निवृत्त होत. तेव्हा केवळ या एका गोष्टीवरून कीर्तिकरांवर वर्णभेदाने अन्याय झाला असे सिद्ध होत नाही. परंतु ज्याने पुढे संमेलनाचे अध्यक्षस्थान भूषवले आणि ज्याचा ग्रंथ आजही संदर्भासाठी उघडला जातो, त्याच्या लष्करी पदात त्याच्या ज्ञानाचा काहीही वाटा नव्हता, ही वस्तुस्थिती कोणत्याही चरित्रकाराला थांबायला लावणारी आहे. मराठीत तशी ती कोणाला थांबवताना दिसत नाही.

पदाच्या नावांचाही एक वाद होता आणि कीर्तिकरांची सेवा त्या वादाच्या काळातूनच गेली. एकोणिसाव्या शतकात लष्करी डॉक्टरांना केवळ 'सर्जन', 'सर्जन-मेजर' अशा संज्ञा होत्या. लढाऊ अधिकारी त्यांना आपल्यापैकी मानत नसत. भोजनगृहातील बसण्याच्या क्रमापासून ते निवृत्तिवेतनापर्यंत त्याचे परिणाम होत. डॉक्टरांची मागणी होती की आम्हांला निखळ लष्करी पद द्या. 1891 मध्ये तडजोड म्हणून 'सर्जन-कॅप्टन', 'सर्जन-लेफ्टनंट कर्नल' अशी जोडनावे आली. ती कोणालाच रुचली नाहीत. 1898 मध्ये ब्रिटिश सैन्यात रॉयल आर्मी मेडिकल कोअर स्थापन झाली तेव्हा जोड काढून टाकण्यात आली आणि हिंदुस्थानातील सेवेनेही तेच केले. भारतीय नौदलाने मात्र ही जोड आजतागायत ठेवली आहे; म्हणून 2024 मध्ये तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवांच्या महासंचालक झालेल्या आरती सरीन यांचे पद 'सर्जन व्हाइस अ‍ॅडमिरल' असे लिहिले जाते. मराठी वृत्तलेखनात हा 'सर्जन' पुष्कळदा शस्त्रक्रियातज्ज्ञ या अर्थाने घेतला जातो. तो पदाचा भाग आहे, विद्याशाखेचा नव्हे.

या सर्व चर्चेत एक मोठा वर्ग बाहेरच राहतो. पुण्याच्या वैद्यकीय शाळेसारख्या देशी संस्थांतून शिकून लष्करात गेलेले हॉस्पिटल असिस्टंट, पुढील नावाने सब-असिस्टंट सर्जन, यांना राजाचे कमिशन नव्हते. त्यांची शिडी जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर अशी होती आणि ती अधिकाऱ्यांच्या शिडीला कोठेही मिळत नव्हती. छावणीतल्या शिपायाची नाडी प्रत्यक्षात बहुधा हेच पाहत. 3 एप्रिल 1943 रोजी महायुद्धाच्या रेट्याने तिन्ही वेगवेगळ्या वैद्यकीय विभागांना एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर निर्माण झाली, तेव्हा ही भिंत पडू लागली. मराठी चरित्रलेखनात या सुभेदार डॉक्टरांना स्थान नाही. ज्याला मोठे पद नाही त्याचे चरित्र नाही, असाच अलिखित नियम दिसतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हा ठळक अपवाद; चीनच्या आठव्या मार्ग सेनेत काम करता करता 1942 मध्ये निधन पावलेल्या या डॉक्टरांच्या नावामागे मराठी माणूस कोणतेही पद लावत नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेले नाही.

काळाची बढती, मंडळाची बढती

स्वातंत्र्यानंतर व्यवस्था बदलली, तरी तिचा सांगाडा ओळखीचा राहिला. 1 मे 1948 रोजी पुण्यात सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि 1962 पासून तेथे पदवीचे शिक्षण मिळू लागले. येथून पदवी घेतलेला विद्यार्थी करारान्वये सैनिकी सेवेत येतो. कायम कमिशन असलेला अधिकारी आजही आरंभीच्या पायऱ्या मुख्यतः सेवाकालाने चढतो. लेफ्टनंट कर्नलपर्यंतचा मार्ग अटी पूर्ण करणाऱ्याला साधारणपणे खुला असतो. महाविद्यालयीन अध्यापकांना ही रचना परकी वाटू नये. वरिष्ठ श्रेणी, निवड श्रेणी यांचे त्यांचे स्वतःचे अनुभव पुरेसे बोलके आहेत. फरक पुढे पडतो. ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल या पदांसाठी निवड मंडळ बसते. ते अधिकाऱ्याचा सेवालेख, गोपनीय अहवाल, पदव्युत्तर पात्रता, सन्मान यांचा विचार करते. मंडळाची शिफारस म्हणजेही बढती नव्हे. सरकारची मान्यता हवी आणि त्यानंतर जागा रिकामी व्हावयास हवी. जागा थोड्या. वर जाताना निमुळती होत जाणारी ही रचना डॉक्टरांसाठी विशेष जाचक ठरते, कारण चाळिशीच्या पुढे, जेव्हा त्यांचे कौशल्य परिपक्व होते, तेव्हाच ते रुंद पायऱ्यांवरून अरुंद पायरीवर येतात.

या सर्वांत रिद्धपूरच्या कसोटीला सर्वाधिक भिडणारी गोष्ट गोपनीय अहवालाची आहे. पायदळाच्या बटालियनबरोबर असणाऱ्या तरुण वैद्यकीय अधिकाऱ्याचा अहवाल प्रथम त्या बटालियनचा प्रमुख लिहितो, जो स्वतः डॉक्टर नसतो. शिस्त, नेतृत्व, सहकाऱ्यांशी वर्तन यांविषयी त्याचे मत मोलाचे असते यात शंका नाही. निदान आणि उपचार यांविषयी मत देण्यासाठी वरिष्ठ वैद्यकीय अधिकाऱ्यांची वेगळी, तांत्रिक साखळी आहे. म्हणजे एकाच माणसाविषयी दोन प्रकारच्या साक्षी जमा होतात. हे रचनेचे बलस्थान मानावयास हवे. परंतु या साक्षी ज्याच्याविषयी आहेत त्याला त्या पूर्णपणे कळत नाहीत. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देव दत्त प्रकरणात शासकीय सेवकाच्या गोपनीय अहवालातील प्रत्येक नोंद त्याला कळवली पाहिजे असे म्हटले. त्या तत्त्वातून लष्करी सेवा मात्र वगळण्यात आली. अन्याय झाल्याचे वाटल्यास अधिकाऱ्याला वैधानिक तक्रार करता येते आणि 2007 च्या कायद्याने स्थापन झालेल्या सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जाता येते. मुंबईत त्याचे खंडपीठ आहे. तथापि न्यायाधिकरणापुढे जाणारा अधिकारी बहुधा तो असतो ज्याची बढती हुकलेली असते, आणि ज्याची बढती हुकली त्याचे चरित्र लिहिले जात नाही, हे वर आलेच आहे. अशा रीतीने ज्या कागदपत्रांतून पदोन्नतीची खरी गोष्ट कळू शकेल ते मराठी चरित्रकाराच्या हाती कधी येतच नाहीत आणि तो मागतही नाही.

29 फेब्रुवारी 2020

माधुरी कानिटकर यांच्याविषयी मराठीत झालेले लेखन हे या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी, बालरोगतज्ज्ञ, त्यांतही बालमूत्रपिंडविकार ही त्यांची विशेष शाखा. त्या आपल्याच महाविद्यालयाच्या अधिष्ठाता झाल्या, पुढे उधमपूरच्या उत्तर कमांडमध्ये वैद्यकीय सेवेच्या प्रमुख होत्या आणि 29 फेब्रुवारी 2020 रोजी त्यांनी लेफ्टनंट जनरल हे पद धारण केले. पती राजीव कानिटकर हेही लेफ्टनंट जनरल असल्याने या पदावर पोहोचलेले पहिले दांपत्य, असा गौरव सर्वत्र झाला व तो रास्तच होता.

मात्र या लेखनात दोन गोष्टी नीट आल्या नाहीत. पहिली अशी की त्यांची निवड आदल्या वर्षीच, 2019 मध्ये, झालेली होती. पद रिकामे झाल्यावर त्यांनी ते स्वीकारले. त्या वेळच्या बातमीत ही ओळ होती. गौरवलेखांत ती गळाली. ज्या वाक्यातून निवड आणि जागा यांतील अंतर वाचकाला दिसले असते, तेच वाक्य अनावश्यक ठरले.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्याआधी बाराच दिवस, 17 फेब्रुवारी 2020 रोजी, सर्वोच्च न्यायालयाने बबिता पुनिया प्रकरणात लष्करातील महिला अधिकाऱ्यांना कायम कमिशन देण्याविषयी महत्त्वाचा निर्णय दिला होता. तारखा जवळ आल्यामुळे दोन्ही घटना एका दोरीत ओवण्याचा मोह होतो. वस्तुतः त्यांचा संबंध नव्हता. त्या निर्णयाचा विषय वैद्यकीय सेवेबाहेरच्या विभागांत अल्पसेवा कमिशनवर आलेल्या स्त्रिया हा होता, ज्यांना 1992 पासूनच प्रवेश मिळाला. वैद्यकीय विभागात स्त्रियांना कायम कमिशनचा मार्ग त्याआधी कितीतरी पूर्वीपासून उपलब्ध होता. तसा तो नसता तर 2004 मध्ये पुनीता अरोरा लेफ्टनंट जनरल आणि पद्मा बंदोपाध्याय एअर मार्शल झाल्याच नसत्या. कानिटकर या क्रमाने तिसऱ्या. मग खरा प्रश्न असा उभा राहतो की वैद्यकीय सेवेत दार इतके आधी उघडलेले असूनही दुसऱ्या व तिसऱ्या नावात सोळा वर्षांचे अंतर का पडले? हा प्रश्न मांडणे गौरवाला बाधा आणणारे नाही. उलट कानिटकरांनी काय ओलांडले हे त्यावाचून कळतच नाही. प्रदीर्घ सेवा अखंड असल्याखेरीज, पदव्युत्तर शिक्षण, बदल्या व कमांडची पदे योग्य वयात मिळाल्याखेरीज मंडळापुढे नावच येत नाही; आणि ही वर्षे म्हणजेच बाळंतपणाची, मुलांच्या शाळेची, दोन वेगळ्या गावी असलेल्या बिऱ्हाडांची वर्षे. येथे काळाची बढती आणि मंडळाची बढती यांमधली फट स्त्रीच्या बाबतीत अधिक रुंद होते.

एक बाब मात्र या सेवेच्या बाजूने नोंदवावयास हवी, कारण ती लढाऊ शाखांमध्ये आढळत नाही. तिन्ही दलांच्या वैद्यकीय सेवा एका महासंचालनालयाखाली असल्याने वरिष्ठ अधिकारी एका दलातून दुसऱ्या दलात जाऊ शकतात. पुनीता अरोरा सैन्यातून नौदलात गेल्या व 2005 मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरल झाल्या. एअर मार्शल असलेल्या साधना सक्सेना नायर 2024 मध्ये सैन्याच्या वैद्यकीय सेवेच्या पहिल्या महिला महासंचालक झाल्या. येथे गणवेशाचा रंग बदलतो, ज्येष्ठता टिकते. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत अरोरांचे नाव एकदा 'पहिल्या लेफ्टनंट जनरल' आणि एकदा 'पहिल्या व्हाइस अ‍ॅडमिरल' असे येते. विद्यार्थी ते दोन वेगळे प्रश्न म्हणून पाठ करतात. एकच व्यक्ती दोन्ही कशी, हे कोणी सांगत नाही.

दुसरी शिडी

या सेवेत आणखी एक शिडी आहे, जिचा उल्लेख मराठी गौरवलेखनात सहसा सापडत नाही. पदव्युत्तर पात्रता मिळवलेला लष्करी डॉक्टर आपल्या विषयात आधी ग्रेडेड स्पेशालिस्ट, नंतर क्लासिफाइड स्पेशालिस्ट, पुढे सिनियर अ‍ॅडव्हायझर आणि कन्सल्टंट होतो. ही ज्ञानाची शिडी होय. एखादा लेफ्टनंट कर्नल क्लासिफाइड स्पेशालिस्ट असू शकतो आणि त्याच्याहून वरच्या पदाचा अधिकारी शस्त्रक्रियागृहात त्याच्या मताला मान देतो. परंतु दोन शिड्या काही अंतरापर्यंतच समांतर चालतात. रुग्णालयाची कमांड, कमांड मुख्यालयातील कार्यालय, दिल्लीतील संचालनालय या पायऱ्या आल्या की डॉक्टर फायलीकडे वळतो, रोग्याकडून दूर जातो. वरच्या पदाची किंमत म्हणून हातातले कौशल्य मागे ठेवावे लागते. बालरोगतज्ज्ञ असलेली व्यक्ती लेफ्टनंट जनरल होते तेव्हा ही किंमत किती, हे तिचे चरित्र लिहिणाऱ्याने विचारावयास हवे. कीर्तिकरांच्या बाबतीत उलटे घडले होते. पद काळाने थांबले आणि वनस्पतींचा अभ्यास निवृत्तीनंतरही चालू राहिला.

वऱ्हाडातील एखादी विद्यार्थिनी बारावीनंतर पुण्याच्या या महाविद्यालयाचा अर्ज भरते, तेव्हा तिच्यासमोर असते ती 'पहिल्या महिलां'ची यादी. करार किती वर्षांचा, अल्पसेवा व कायम कमिशन यांत निवड केव्हा करावी लागते, पदव्युत्तर प्रवेश कोणत्या टप्प्यावर मिळतो, अहवाल कोण लिहितो, मंडळ केव्हा बसते, यांपैकी काहीही तिला त्या यादीतून कळत नाही. 2024 मध्ये ज्या रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठाचे काम सुरू झाले, तेथून थोड्याच अंतरावरील शाळांतून हीच यादी पाठ केली जाते. म्हाइंभटांनी दारोदार जाऊन जे विचारले, 'तुम्ही तेथे होता काय, तुम्ही काय पाहिले', ते विचारण्यासाठी निवृत्त लष्करी डॉक्टर आज पुणे, नागपूर, अमरावती येथे पुष्कळ आहेत. मंडळापुढे नाव जाऊन वगळले गेलेलेही त्यांत आहेत आणि त्यांची वासना यशस्वी झालेल्यांच्या वासनेशेजारी मांडता येण्याजोगी आहे.

कानिटकर 2021 मध्ये नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. ज्या महाविद्यालयात त्या शिकल्या ते याच विद्यापीठाशी संलग्न आहे. त्यांच्या नावाआधी लेफ्टनंट जनरल आणि नावानंतर कंसात निवृत्त असे लिहिले जाते. लष्करी पद निवृत्तीनंतरही नावासोबत राहते, असा संकेत आहे. ग्रेडेड, क्लासिफाइड, सिनियर अ‍ॅडव्हायझर यांबाबत तसा कोणताही संकेत नाही.